पट, पीक आणि नाताळ : इंग्लंडमधील खेड्यातील शाळेचे शरद सत्र

इंग्लंडमधील सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांचे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि ते तीन सत्रांत विभागलेले असते : सप्टेंबरपासून नाताळपर्यंतचे शरद सत्र, जानेवारीपासून ईस्टरच्या सणापर्यंतचे वसंत सत्र आणि त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत चालणारे उन्हाळी सत्र. शाळा वर्षातून सर्वसाधारणपणे १९० दिवस मुलांसाठी उघडी असते, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे ५ दिवस त्याखेरीज असतात, आणि या तीन सत्रांत शरद सत्र बहुधा सर्वांत लांब असते. खेड्यातील लहान प्राथमिक शाळेत हे सत्र सुगीचा सण, स्मृतिदिन, नाताळची नाटिका अशा कार्यक्रमांनी भरलेले दिसते. परंतु पुढील वर्षी शाळेला किती पैसा मिळेल, किती शिक्षक ठेवता येतील आणि शाळा टिकेल की नाही, या प्रश्नांची उत्तरेही बऱ्याच अंशी याच महिन्यांत ठरतात. सणांचे वेळापत्रक आणि पटाचा हिशोब एकमेकांत कसे गुंतले आहेत हे पाहिल्याशिवाय अशा शाळेचे जीवन नीट समजत नाही.

इंग्लंडमधील प्राथमिक शाळेत सात इयत्ता असतात. वयाची चार वर्षे पूर्ण झालेली मुले सप्टेंबरमध्ये ‘रिसेप्शन’ या प्रवेशवर्गात येतात आणि त्यानंतर पहिली ते सहावी अशी सहा वर्षे पूर्ण करून, वयाच्या अकराव्या वर्षी, सहसा जवळच्या मोठ्या गावातील माध्यमिक शाळेत जातात. शहरातील शाळेत प्रत्येक इयत्तेच्या एक किंवा दोन तुकड्या असू शकतात. खेड्यात मात्र सातही इयत्ता मिळून पन्नास-साठ मुले असली, तर दोन-तीन इयत्ता एका खोलीत एकत्र बसवाव्या लागतात. महाराष्ट्रातील द्विशिक्षकी शाळांना परिचित असलेली बहुवर्ग अध्यापनाची ही पद्धत तेथेही आहे, आणि तिच्यामागची अडचणही तीच आहे : एकाच शिक्षकाला पाच वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देत असतानाच सात वर्षांच्या मुलाला वजाबाकी शिकवावी लागते. अशा शाळेत मुख्याध्यापकही बहुधा आठवड्यातील काही दिवस वर्ग घेतात आणि उरलेल्या वेळात कार्यालय, पालक व इमारतीची दुरुस्ती यांकडे लक्ष देतात.

सत्राचे पहिले काही आठवडे प्रवेशवर्गातील मुलांभोवती फिरतात. १ सप्टेंबर ही वयाची सीमारेषा असल्यामुळे एका वर्गात नुकतीच चार वर्षांची झालेली आणि जवळजवळ पाच वर्षांची असलेली मुले शेजारी बसतात, आणि या वयात एका वर्षाचे अंतर बोलणे, बटणे लावणे व पेन्सिल धरणे या सर्वांत स्पष्ट दिसते. सप्टेंबर २०२१पासून या मुलांची पहिल्या सहा आठवड्यांत भाषा आणि गणित यांची एक सक्तीची पायाभूत पडताळणी होते. शिक्षक प्रत्येक मुलाबरोबर स्वतंत्रपणे बसून लहान लहान कृती करून घेतात आणि त्यावरून, मूल सहावीच्या अखेरीस पोहोचेपर्यंत शाळेने त्याच्यात किती भर घातली, हे पुढे मोजले जाते. वर्गात तीनच नवी मुले असतील, तर हे काम लवकर आटोपते. परंतु प्रगतीच्या आकडेवारीत एकाच मुलाच्या निकालाने शाळेची टक्केवारी वरखाली होते, आणि म्हणून लहान शाळांच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढताना विशेष सावधगिरी बाळगावी लागते.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी शाळागणनेचा दिवस येतो. वर्षातून तीनदा होणाऱ्या गणनांपैकी ही शरद गणना सर्वांत महत्त्वाची असते, कारण त्या दिवशी पटावर असलेल्या मुलांच्या संख्येवरून पुढील आर्थिक वर्षाचे अनुदान काढले जाते. अनुदानाचा मोठा भाग दरडोई असल्याने दहा मुले कमी झाली की एका शिक्षकाच्या पगाराची सोय डळमळू शकते, मात्र खोली तापवण्याचा, छप्पर सांभाळण्याचा आणि मुख्याध्यापकाचा खर्च मुले कमी झाली म्हणून कमी होत नाही. हे ओळखून २०१८-१९ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय निधीसूत्रात प्रत्येक शाळेसाठी एक ठोक रक्कम ठेवलेली आहे, आणि विरळ वस्तीतील लहान शाळांसाठी वेगळा घटक आहे. प्राथमिक शाळेत एका इयत्तेतील सरासरी मुले २१.४ पेक्षा कमी असतील आणि मुलांना दुसऱ्या जवळच्या शाळेसाठी सरासरी सुमारे दोन मैल जावे लागत असेल, तर हा जादा निधी मिळतो. तरीही मूळ तत्त्व मोजणीचेच राहते, आणि सप्टेंबरअखेरीस एखादे तीन मुलांचे कुटुंब गाव सोडून गेले, तर त्याची किंमत शाळा पुढे वर्षभर मोजते.

पैसा आणि हजेरी यांची ही सांगड नवी नाही. १८६२ साली लागू झालेल्या सुधारित शिक्षण संहितेने अनुदान मुलांच्या सरासरी उपस्थितीवर आणि वाचन, लेखन व अंकगणित यांच्या परीक्षेतील निकालावर अवलंबून ठेवले. ‘निकालानुसार अनुदान’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १८९०च्या दशकापर्यंत टिकून होती. याच संहितेने मुख्याध्यापकांना शाळेची रोजनिशी ठेवणे बंधनकारक केले, आणि त्या रोजनिश्यांमुळे आज एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण शरद ऋतू इतिहासकारांना पाहता येतो. शेतीची कामे लांबली की मुले वर्गात येत नसत. केंट परगण्यात बिअरसाठी लागणाऱ्या हॉप वेलींची फुले तोडण्याचा हंगाम सप्टेंबरमध्ये चाले, इतरत्र बटाटे काढणे, ब्लॅकबेरी वेचणे, डुकरांसाठी ओकची फळे गोळा करणे ही कामे मुलांकडे असत, आणि म्हणून अनेक ठिकाणी शाळेची सुट्टी पिकाच्या मानाने पुढेमागे सरकवली जाई. १८८० साली पाच ते दहा वर्षे वयाच्या मुलांची उपस्थिती देशभर सक्तीची झाली, तरी मजूर कुटुंबाला मुलाच्या हातच्या मजुरीची गरज होतीच, त्यामुळे कायदा आणि सुगी यांच्यातील हा ताण पुढेही बराच काळ चालू राहिला. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या सुट्टीला आजही बोलीभाषेत ‘टॅटी हॉलिडेज’, म्हणजे बटाट्याची सुट्टी, म्हणतात.

निकालानुसार अनुदानाची हीच कल्पना १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यातही आणली गेली. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी, शिक्षणापासून दूर राहिलेल्या समाजात ही पद्धत शिक्षणाचा प्रसार करू शकत नाही, असे स्पष्ट मत मांडले, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना गुरे राखण्यासाठी व शेतात मदतीसाठी घरी ठेवले जाते हे दाखवून, त्यांना शाळेकडे वळवण्यासाठी शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, असे सुचवले. ज्या ठिकाणी गरिबीमुळे मुले गैरहजर राहतात तेथे हजेरी कमी म्हणून पैसा कमी केला, तर गरिबीची शिक्षा शाळेला होते, हा त्या युक्तिवादाचा गाभा इंग्लंडच्या खेड्यांनाही तितकाच लागू होता.

आजच्या शरद सत्रात सुगीचा अवशेष उरला आहे तो उत्सवाच्या रूपात. कॉर्नवॉल परगण्यातील मॉर्वेन्स्टो या गावचे धर्मगुरू रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८४३ साली चर्चमध्ये सुगीची विशेष उपासना सुरू केली, आणि व्हिक्टोरियन काळात ती देशभर रुजली. खेड्यातील शाळांपुरते या प्रथेचे महत्त्व अधिक आहे, कारण १८११ साली स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटी या संस्थेने गावोगावी चर्चच्या शाळा काढल्या आणि आजही इंग्लंडमधील सुमारे एक-चतुर्थांश प्राथमिक शाळा चर्च ऑफ इंग्लंडशी जोडलेल्या आहेत. खर्च सरकारचा आणि परंपरा चर्चची, अशी ही रचना १९४४च्या शिक्षण कायद्याने पक्की केली. सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी मुले रांगेने गावातील चर्चमध्ये जातात, सुगीची गीते म्हणतात आणि बरोबर आणलेले अन्न वेदीपाशी ठेवतात. पूर्वी तेथे भाज्या, सफरचंदे आणि गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा पाव असे. आता त्यांच्या जोडीला डबाबंद पदार्थ आणि पास्त्याची पाकिटे असतात, कारण हे अन्न गरजू कुटुंबांना शिधा पुरवणाऱ्या ‘फूड बँक’ या केंद्रांकडे पाठवले जाते. शेतीपासून दुरावलेल्या खेड्याने जुन्या सणाला दिलेला हा नवा उपयोग आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस आठवडाभराची मधली सुट्टी येते, त्याच सुमारास घड्याळे एक तास मागे घेतली जातात, आणि सुट्टीनंतर शाळा सुटते तेव्हा उजेड मावळू लागलेला असतो. सहावीच्या मुलांच्या पालकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत माध्यमिक शाळांचे पसंतीक्रम कळवावे लागतात. नोव्हेंबरमध्ये, १६०५ साली संसद उडवण्याचा कट फसल्याची आठवण म्हणून ५ तारखेच्या रात्री होळ्या पेटवल्या जातात, आणि ११ तारखेला सकाळी अकरा वाजता, पहिले महायुद्ध थांबले त्या क्षणाच्या स्मरणार्थ, दोन मिनिटे शांतता पाळली जाते. मोठ्या शहरात हा राष्ट्रीय विधी असतो. खेड्यात मात्र स्मारकावरील मृतांची आडनावे कधी कधी आजच्या हजेरीपटावरही आढळतात, आणि त्यामुळे तो गावाच्या इतिहासाचा धडा होतो. याच दिवसांत अनेक वर्गांत दिवाळीही शिकवली जाते, कारण १९८८च्या कायद्यानुसार धर्मशिक्षणाच्या स्थानिक अभ्यासक्रमांनी ख्रिस्ती परंपरेबरोबरच देशातील इतर प्रमुख धर्मांचीही दखल घ्यावी लागते. परिणामी, ज्या गावात एकही भारतीय कुटुंब नाही तेथील मुलेही मातीच्या पणत्या घडवतात आणि रंगीत खडूने रांगोळी काढतात.

या सर्व घडामोडी गावापर्यंत पोहोचतात त्या शाळेच्या वार्तापत्रातून, जे बहुधा आठवड्याच्या शेवटी घरी जाते. त्यात हजेरीची टक्केवारी, पुढील आठवड्याचे जेवण, वाचनात प्रगती केलेल्या मुलांचे कौतुक, उवांबद्दलची सूचना आणि पालक-शिक्षक संघाच्या केकविक्रीची तारीख अशी माहिती शेजारी शेजारी असते. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या नोंदींमागे निश्चित कारणे आहेत : सप्टेंबर २०१४पासून प्रवेशवर्ग, पहिली व दुसरीतील सर्व मुलांना दुपारचे जेवण मोफत मिळते, आणि स्वतःचे स्वयंपाकघर नसलेल्या शाळेला ते दुसऱ्या शाळेतून गरम डब्यांत आणवावे लागते, म्हणून आगाऊ नोंदणी हवी असते, केकविक्रीच्या पैशातून पोहण्याच्या तलावापर्यंतच्या बसचे भाडे निघते. शिवाय शाळेच्या नियामक मंडळावर विनामोबदला काम करणारे पालक आणि गावकरी असतात, त्यामुळे मूल शाळेत नसलेल्या माणसालाही शाळेची बातमी माहीत असणे उपयोगाचे ठरते.

ही जवळीक शाळेला संरक्षणही देते. ग्रामीण म्हणून अधिसूचित केलेली प्राथमिक शाळा बंद करू नये, असे गृहीत धरूनच विचार सुरू करावा, अशी सरकारी भूमिका १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. बंद करण्यास पूर्ण मनाई नाही, परंतु त्याआधी गावावर होणारा परिणाम, मुलांच्या प्रवासाची सोय आणि अन्य पर्याय तपासावे लागतात. पर्यायांपैकी एक म्हणजे दोन-तीन शाळांनी एकच नियामक मंडळ व एकच मुख्याध्यापक स्वीकारणे, आणि दुसरा म्हणजे अनेक शाळा चालवणाऱ्या न्यासात सामील होणे. मात्र २०१२नंतर देशातील जन्मसंख्या घटत गेली, आणि कॉर्नवॉल किंवा लेक डिस्ट्रिक्टसारख्या निसर्गरम्य भागांत शहरी लोकांनी सुट्टीसाठी घरे घेतल्यामुळे तरुण कुटुंबांना गावात राहणे परवडेनासे झाले. ज्या गावात घरे आहेत पण मुले नाहीत, तेथे कोणतेही निधीसूत्र शाळा फार काळ वाचवू शकत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला या चित्रातील बराचसा भाग ओळखीचा वाटेल. राज्यात ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकपदांची संख्या, ठरते, आणि २० पेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्याचा विचार २०२३ साली पुढे आला तेव्हा गावोगावी विरोध झाला. फरक मात्र मूलभूत आहे. इंग्लंडमध्ये सुगीने वर्ग रिकामा होण्याचे दिवस केव्हाच संपले. मराठवाड्यात ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात, म्हणजे ३० सप्टेंबरला मोजलेली काही मुले दिवाळीनंतर गावात नसतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, कारण पट आणि प्रत्यक्ष शिकणारी मुले या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एका दिवसाची मोजणी प्रशासनाला सोयीची असते, परंतु शाळेचे वर्ष त्या दिवशी संपत नाही.

इंग्लंडच्या खेड्यातील शरद सत्र डिसेंबरमध्ये येशूजन्माच्या नाटिकेने संपते. साठ मुलांच्या शाळेत भूमिका वाटून उरणारे मूल नसते. जो मेंढपाळ नाही तो देवदूत असतो, आणि प्रेक्षकांत पालकांबरोबर शेजारी, आजी-आजोबा व पुढच्या वर्षी प्रवेश घेऊ शकणाऱ्या बालकांची कुटुंबेही बसतात. पुढील सप्टेंबरच्या प्रवेशासाठी अर्ज करण्याची अंतिम तारीख १५ जानेवारी असते, म्हणून नोव्हेंबरपासूनच अनेक शाळा अशा कुटुंबांना वर्ग पाहायला बोलावतात. खेड्यातील शाळा सण साजरे करते ते पट वाढवण्यासाठी नव्हे; तरीही ज्या शाळेत गाव येते-जाते, तिच्याकडेच गावातील मूल बहुधा पाठवले जाते, आणि त्या मुलाची गणना दहा महिन्यांनी, ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी होते.