सागाच्या दाराला जेल स्टेन कशासाठी?

पांढरकवडा, घाटंजी, उमरखेड या भागांत सागाचं जंगल असल्यामुळे यवतमाळ जिल्ह्यात घराचं दार सागाचंच हवं, असा आग्रह असतो. पण साग म्हणून घरात येणारं सगळंच लाकूड सारखं नसतं. झाडाचा गाभा सोनेरी-तपकिरी, तेलकट. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. बाहेरचा पांढरा भाग तिला सहज मिळतो. कमी वयाच्या झाडात हा भाग जास्त, म्हणून नव्या दाराच्या एकाच फळीत दोन रंग दिसतात. ते लपवायला ऑइल पेंट मारला की सागाच्या रेषाही गेल्या. ही नासाडी जेल स्टेनने, म्हणजे रेषा दिसू देणाऱ्या दाट रंगाने, टळते.

पातळ स्टेन लाकडात मुरतो आणि जिथे जास्त शोषला जातो तिथे गडद डाग पडतो. जेल स्टेन दाट असल्याने त्याचा रंग वरच्या वरच राहतो, उभ्या दारावर ओघळत नाही, त्यामुळे दार बिजागऱ्यांवरून काढावं लागत नाही. पॉलिश पेपरने घासून, सागाचा तेलकटपणा थिनरने पुसून, सुती फडक्याने तो लावायचा आणि रेषांच्या दिशेने जादा पुसून घ्यायचा. पांढऱ्या पट्ट्यावर दोन हात, गाभ्यावर एकही नाही, एवढा ताबा दुसऱ्या रंगात क्वचितच मिळतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा पुसण्याआधीच स्टेन आळतो. काम सकाळी, एकेका फळीचं करावं. तेलाधारित स्टेनची फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवावीत.

लाखेचं पॉलिश असताना हे कशाला, असं जुने सुतार विचारतील. आतल्या कपाटाला लाखेची झळाळी अजोडच, पण पाणी लागलं की तिच्यावर पांढरे डाग उमटतात. बाहेरच्या दाराला ती चालत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: रंग सारखा झाला की कच्चं लाकूडही गाभ्याच्या भावाने खपवता येतं. म्हणून फळी विकत घेताना तिची कापलेली कड बिनरंगाची बघावी. स्टेन वाळवीपासून राखत नाही. पांढऱ्या भागाला आधी, कोऱ्या लाकडावरच, वाळवीरोधक द्रावण द्यावं. ते पूर्ण सुकल्यावर स्टेन आणि शेवटी उन्हापावसाला टिकणारं व्हार्निश.