युनिक्स-सदृश प्रणालींतील प्रवेशसंदेश आणि देवनागरीचा प्रश्न

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत लिनक्स चालविणाऱ्या संगणकासमोर विद्यार्थी बसतो, तेव्हा वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड देण्यापूर्वी त्याच्या दृष्टीस एकदोन ओळी पडतात. बहुधा त्यांत प्रणालीचे नाव, तिचा आवृत्तीक्रमांक आणि संगणकाचे नाव एवढेच असते. विद्यार्थ्याला या माहितीचा काही उपयोग नाही. उपयोग झालाच तर तो आगंतुकाला होतो, कारण कोणत्या आवृत्तीत कोणते दोष आहेत हे त्याला ठाऊक असते. वास्तविक संस्थेने वापरकर्त्याशी प्रथम बोलावे अशी ही जागा आहे. बावडा व परिसरातील गावांतून येणारे अनेक विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात. त्यांना वाचता येईल असा प्रवेशसंदेश कसा द्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संदेशाच्या जागा

प्रवेशसंदेश एका ठिकाणी लिहिला की सर्वत्र दिसतो, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. केवळ अक्षरे दाखविणाऱ्या पडद्यावर, म्हणजे कन्सोलवर, ‘एगेटी’ हा प्रोग्राम नाव विचारण्यापूर्वी ‘इटीसी’ डिरेक्टरीतील ‘इश्यू’ ही फाईल वाचून दाखवितो. ही साध्या मजकुराची फाईल असून प्रशासकाच्या, म्हणजे ‘रूट’च्या, अधिकाराने ती कोणत्याही संपादकात बदलता येते. तीत बॅकस्लॅश आणि त्यापुढे रोमन ‘एन’ लिहिल्यास त्या जागी संगणकाचे नाव उमटते, ‘एल’ लिहिल्यास टर्मिनलचे नाव, ‘डी’ लिहिल्यास दिनांक आणि ‘आर’ लिहिल्यास कर्नलची आवृत्ती. यांपैकी शेवटचे चिन्ह काढून टाकणे इष्ट.

‘एमओटीडी’ ही दुसरी फाईल. तिच्या नावाचा विस्तार ‘आजचा संदेश’ असा असून ती प्रवेश झाल्यानंतर दिसते. प्रयोगशाळेची वेळ किंवा देखभालीचा दिवस कळविण्यास ती योग्य आहे. परंतु तिच्यात ताकीद लिहिणे म्हणजे उंबरठ्याच्या आत ‘विचारून आत यावे’ अशी पाटी लावण्यासारखे आहे. दूरस्थ प्रवेशासाठी ‘एसएसएच’ सेवेच्या संरचना-फाईलमध्ये ‘बॅनर’ असा स्वतंत्र निर्देश असतो. मुळात तो बंद असतो. त्यापुढे फाईलचा मार्ग लिहावा व सेवेस संरचना पुन्हा वाचावयास लावावी. येथे बॅकस्लॅशची चिन्हे उलगडली जात नाहीत, जशीच्या तशी दिसतात. म्हणून ‘इश्यू’ऐवजी ‘इश्यू डॉट नेट’ ही वेगळी फाईल द्यावी. ग्नोमच्या चित्रमय प्रवेश-पडद्यावर मात्र यांपैकी कोणतीही फाईल दिसत नाही. तेथे ‘डीकॉन्फ’मध्ये बॅनर चालू करण्याची एक आणि मजकुराची एक अशा दोन नोंदी करून ‘डीकॉन्फ अपडेट’ ही आज्ञा द्यावी लागते.

(रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत संगणक सुरू होताना ‘इश्यू’ फाईल दर वेळी नव्याने लिहिली जाई. केलेला बदल सकाळी नाहीसा झालेला पाहून तेव्हा अनेक प्रशासक बुचकळ्यात पडत.)

देवनागरीची अडचण

खरा प्रश्न येथे सुरू होतो. ‘इश्यू’ फाईलमध्ये युनिकोड मराठी मजकूर लिहिल्यास फाईल तो बिनतक्रार साठविते, परंतु कन्सोलवर चौकटी किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. कन्सोलच्या टंकात जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. कन्सोल एका संकेतांकाला एक घर देतो. अक्षरांची जुळणी करीत नाही. ‘विद्यार्थी’ या शब्दात पहिली वेलांटी ‘व’नंतर साठविलेली असते पण त्याच्या डावीकडे काढावयाची असते; ‘द्या’ जोडावयाचा असतो आणि रफार उडी मारून ‘थी’वर जावयाचा असतो. बारामतीच्या ‘कऱ्हा’ नदीचे नाव घ्यावे, तर त्यातील अर्ध्या ‘ऱ’साठी युनिकोडने स्वतंत्र संकेतांक वापरला आहे, तरीही पुढच्या ‘ह’शी त्याची सांगड घालणारे कोणी कन्सोलमध्ये नाही. त्यामुळे देवनागरी टंक बसविला तरी शब्द विस्कटलेलाच दिसतो.

चित्रमय पडद्यावर हे काम ‘पँगो’ व ‘हार्फबझ’ ही साधने करतात. लोहितसारखा देवनागरी टंक उपलब्ध असल्यास तेथे मराठी शुद्ध उमटते. एसएसएचची स्थिती मधली आहे. जानेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रमाणकानुसार बॅनरचा मजकूर ‘यूटीएफ-८’ मध्येच पाठवावयाचा असतो. तथापि ओपनएसएसएचच्या ग्राहक-प्रोग्रामने रोमनेतर अक्षरे सरळ दाखविण्यास २०१६ च्या ७.३ या आवृत्तीपासून आरंभ केला. पुढची जुळणी पाहणाऱ्याच्या टर्मिनलवर अवलंबून राहते.

मजकूर काय असावा

‘सुस्वागतम्’ लिहिल्यामुळे घुसखोर न्यायालयातून सुटला, अशी आख्यायिका प्रशासकांत सांगितली जाते. तिच्यावर भिस्त ठेवण्याचे कारण नाही. मात्र सूचनेचे महत्त्व जुनेच आहे. कळफलकावरील दाबांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांनी तशी आगाऊ सूचना पडद्यावर द्यावी, असा सल्ला अमेरिकेतील ‘सर्ट’ संस्थेने डिसेंबर १९९२ मध्ये दिला होता. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे हा मुद्दा मध्यवर्ती आहे. तेच कृत्य अप्रामाणिक वा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. परवानगी कोणाला आहे हे संदेशात स्पष्ट असेल, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे म्हणणे दुबळे ठरते. ज्याला इंग्रजी सूचना कळलीच नाही, त्याच्याबाबत असे म्हणणे कठीण आहे.

चित्रमय पडद्यासाठी पुढील मजकूर पुरेसा व्हावा : ‘हा संगणक महाविद्यालयाच्या मालकीचा आहे. ज्यांना खाते दिले आहे त्यांनीच तो वापरावा. वापराची नोंद ठेवली जाते. अडचण आल्यास प्रयोगशाळा सहायकांना भेटावे.’ यांतील तिसरे वाक्य नोंद खरोखर ठेवली जात असेल तरच लिहावे. धाक दाखविण्यापुरते लिहिलेले वाक्य विद्यार्थी लवकर ओळखतात. कन्सोलसाठी हाच मजकूर रोमन लिपीतील मराठीत, ऐंशी अक्षरांपेक्षा लांब ओळ होऊ न देता लिहावा. एसएसएचच्या बॅनरमध्ये दोन्ही रूपे एकाखाली एक ठेवता येतात. तेथील बदल करताना आपले चालू सत्र बंद करू नये. दुसऱ्या संगणकावरून प्रवेश होतो आहे याची खात्री झाल्यावरच ते मिटवावे.