अस्सल काय, नक्कल काय?

जोनाथन गॅश या टोपणनावाने एका इंग्रज डॉक्टरने लिहिलेली ‘द जुडास पेअर’ ही रहस्यकथा १९७७ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक लव्हजॉय जुन्या, दुर्मिळ वस्तूंचा व्यापारी. ज्या पिस्तुलांच्या जोडीला सारा बाजार दंतकथा समजतो, तिनेच आपल्या भावाचा खून झाला, असे एक गिऱ्हाईक त्याला सांगते. लव्हजॉय शोधाला लागतो.

लव्हजॉय काही आदर्श पुरुष नव्हे. व्यवहारात लबाड, स्त्रियांशी वागणूकही बरी नाही. पण अस्सल वस्तू जवळ येताच त्याला आतून उमगते. तरी खुनी सापडतो तो पुराव्यानेच! ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण आम्हाला इथे आठवली.

वाचकहो, आपल्या घरातल्या ठेव्याचे काय? ‘जनता’चे जुने अंक, १९५६ च्या धम्मदीक्षेची छायाचित्रे अजूनही कुणाच्या पेटीत असतील. ती रद्दीत घालू नका. वडीलधाऱ्यांना विचारून नाव, गाव, तारीख वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. पुरावा गेला, की आपला इतिहास दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो.