देवगाव फाटा ते कुरटे बेट

परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्याच्या परिसरात समुद्र येतो तो वाळून. आठवडी बाजारात गोणपाटावर मांडलेले बोंबील आणि सुकट, एवढीच इकडच्या बहुतेक घरांची दर्याशी ओळख. मंठ्याकडून येणारा रस्ता या फाट्यावर फुटतो. एक जिंतूरकडे जातो, दुसरा सेलू-पाथरीकडे. एसटीची वाट पाहत इथे चहा पिणाऱ्याला बेटावर जायचे म्हटले की अंदमान आठवते, नाहीतर मालदीव, आणि मग खिसा आठवतो. पण शनिवार-रविवारला जोडून सोमवारी २६ जानेवारी आली, की एक बेट याच खिशात बसते. मालवणच्या किनाऱ्यासमोरचे कुरटे बेट, म्हणजेच सिंधुदुर्ग किल्ला.

प्रवास लांबचा आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. सेलू स्टेशनवरून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रीतून मुंबई गाठायची आणि तिथून कोकण रेल्वेने कुडाळ किंवा कणकवली. पुढे मालवणपर्यंत एसटी. रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही तर एसटी महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही जुनी योजना आहेच. तिचा चार दिवसांचा पास जणू जोडसुट्टीसाठीच काढलेला आहे. साध्या तिकिटावर जायचे तर मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे पडते आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. म्हणजे आजी, सून आणि नात निघाल्या, तर बापयाचेच तिकीट महाग! रात्री गाडीत झोपले की मुक्कामाचे पैसेही वाचतात. अंग आंबते, ते वेगळे.

मालवणच्या बंदरजेटीवरून होडी सुटते. पाण्यात काळी तटबंदी दिसते, पण दरवाजा काही दिसत नाही. होडी अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या वळणात दडलेली वाट उघडते. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याची पायाभरणी केली. त्या वेळची पूजा जिथे झाली तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आजही आहे. त्यावर गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेले दिसतात. सुमारे ४८ एकरांच्या बेटाभोवती नागमोडी तट फिरतो, आणि पायाच्या दगडांत शिसे ओतले होते. आत राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. त्यातली महाराजांची मूर्ती नेहमीच्या चित्रांसारखी नाही. तिला दाढी नाही आणि डोक्यावर दर्यावर्दी माणसाची टोपी आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्गही आहे.

परभणीकडच्या माणसाचे पाय मात्र तटापेक्षा विहिरींपाशी रेंगाळतात. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशी त्यांची नावे. चारी बाजूंनी खारे पाणी, आणि आत पोहऱ्यात येते ते गोडे! यात चमत्कार कमी, निसर्गाचा हिशेब जास्त आहे. परभणीपेक्षा कितीतरी जास्त पाऊस इथे पडतो. तो बेटाच्या पोटात मुरतो, आणि गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने वर टिकून राहते. कोकणातली ‘बाव’ आणि मराठवाड्यातली ‘बारव’ हे शब्दही एकमेकांचे नातेवाईक वाटतात. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून पुन्हा उजेडात आणली. ती पाहिलेल्याला साखरबावेच्या काठावर उभे राहून काय वाटत असेल, ते मालवणच्या माणसाला सांगून कळायचे नाही.

होडीवाले साधारण तासाभराची मुदत देतात, आणि ती कमीच पडते. उन्हाचा कडाका बघता सकाळची पहिली होडी धरावी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, त्यामुळे १५ ऑगस्टच्या जोडसुट्टीचा बेत इथे चालत नाही.

आता जेवण. मालवणात ताटाचा भाव मासा ठरवतो, आणि बाहेरून आलेला माणूस डोळे झाकून सुरमई नाहीतर पापलेट मागतो. तिथेच त्याचे बजेट बुडते. स्थानिक माणूस खुशाल बांगडा खातो, किंवा तारली, पेडवे नाहीतर सौंदाळे. हे मासे स्वस्त, आणि चवीला सुरमईपेक्षा काकणभर सरसच म्हणावे लागतील. काटे फार, हे खरे. पण काट्याला घाबरणाऱ्याने दर्याकाठी जेवायला बसूच नये. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले एकदा खाल्ले, की त्या फळाची जिभेला मुंग्या आणणारी चव महिनाभर आठवत राहते. ज्वारीची भाकरी मिळेल ही आशा सोडावी. इथे भाकरी तांदळाची, आणि नाश्त्याला जाळीदार घावणे किंवा आंबोळी. येसराच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला नारळाचे वाटण पहिल्या घासाला गुळचट लागते. तिसऱ्या घासाला तक्रार मिटते.

माळकऱ्यांनीही उपाशी राहायचे कारण नाही. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि वडे हे ताट कोंबडी-वड्यांच्या तोडीस तोड आहे. तांदूळ, उडीद, धने आणि मेथीच्या पिठाचे ते वडे टम्म फुगतात. वर सोलकढी: कोकमाचे आगळ, नारळाचे दूध, लसूण, मिरची. ती वाटीने मागू नये, पेल्याने मागावी.

मुक्कामाला तारकर्ली-देवबागच्या घरगुती खोल्या हॉटेलापेक्षा परवडतात, आणि घरचीच बाई रांधते. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. स्कूबा आणि पाण्यावरचे बाकीचे खेळ इथे आहेत. बजेट सांभाळायचे असेल तर त्यांच्याकडे पाठ करून किनाऱ्यावर रापण ओढताना बघावी. लांबलचक जाळे, दोन्ही टोकांना दोरी ओढणारी माणसे, आणि शेवटी वाळूवर उसळणारा चांदीचा ढीग. त्या मासळीचे वाटे कसे पडतात, ते पाहायला तिकीट लागत नाही.

परतीच्या पिशवीत आमसुले, आगळाची बाटली आणि आले-गुळात घोळवलेले खाजे एवढे पुरे. सुका बांगडाही घ्यावासा वाटतो. घेतलाच तर तीन कागदांत गुंडाळून, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून घ्यावा. सेलूपासून फाट्यापर्यंतच्या एसटीत कंडक्टरचे नाक तिकिटाच्या मशीनपेक्षा तेज असते.