छोटी जखम, खोल घाव

खिशातल्या घडीच्या चाकूने बोट कापले, की घरचे आधी जखम केवढी आहे ते बघतात. डॉक्टर विचारतात, पाते कसे होते?

पोट सुटल्यासारख्या गोलसर धारेने लांब चीर पडते. रक्त भरपूर येते, पण जखमेचा तळ बहुधा दिसतो. ‘क्लिप पॉइंट’ पात्याची पाठ टोकाकडे कातरलेली, त्यामुळे टोक सुईसारखे निमुळते. ते बोटात घुसले तर वर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे भोक दिसते आणि आत बोट वाकवणारी दोरी, म्हणजे टेंडन, तुटलेली असू शकते. ‘शीप्सफूट’ पात्याची धार सरळ असते, पाठ खाली वळून तिला मिळते. टोक जवळजवळ नसतेच. पार्सल फोडायला हेच शहाणपणाचे.

लॉक नसलेल्या चाकूचे पाते केवळ स्प्रिंगच्या जोरावर उघडे राहते. टोकाने भोक पाडायला गेले, की ते बोटांवरच मिटते.

जखमेवर स्वच्छ कापड 10 मिनिटे दाबून धरावे, मध्येच उचलून पाहू नये. हळद भरू नये. सूज येण्याआधी अंगठी काढावी. रक्त थांबल्यावर बोटाचे शेवटचे पेर वाकते का, टोकाला स्पर्श कळतो का, ते पाहावे. नसेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. भोसकल्यासारखी जखम असेल, तर पेर वाकले तरी दाखवावे. अर्धवट तुटलेला टेंडन पुढे जोर पडल्यावर पूर्ण तुटू शकतो. धनुर्वाताची लस कधी घेतली होती, हेही तिथे सांगावे.