कुलपाचा हात

“अगं, गेल्या वर्षी टोचून घेतली ना? मग यंदा परत कशाला? पैसे वर आलेत काय?” फ्ल्यूच्या लशीबद्दल आजोबांचा हा सवाल. मी पडले वाणिज्य शाखेची. जमाखर्च सांगेन, पण याचे उत्तर मजजवळ नव्हते. मग ग्रंथालयात बसून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवते.

विषाणू आपल्या पेशीत शिरतो तो अंगावरच्या प्रथिनांच्या जोरावर. फ्ल्यूच्या विषाणूवर मुख्यत्वे दोन प्रथिने काट्यांसारखी उभी असतात : हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज. २००९ साली जगभर पसरलेल्या एच१एन१ या साथीच्या नावातले ‘एच’ आणि ‘एन’ ते हेच.

कानडीत किल्लीला ‘कीलिकै’ म्हणतात, म्हणजे कुलपाचा हात. हिमॅग्लुटिनिनला हा शब्द चपखल बसतो. ते आधी हातासारखे पकडते आणि मग किल्लीसारखे उघडते. आपल्या नाका-घशातील पेशींवर शर्करेच्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाचे सियालिक आम्ल ते धरते. पेशी फसते व विषाणूला पिशवीत गुंडाळून आत घेते. पिशवीतील आम्लता वाढते. त्यासरशी हिमॅग्लुटिनिन आकार बदलते, पिशवीच्या पडद्यात टोक खुपसते आणि विषाणूचे आवरण त्या पडद्याशी एकजीव करते. वाट मोकळी होऊन विषाणूचे ८ आरएनए-तुकडे पेशीत उतरतात आणि नव्या विषाणूंची पैदास सुरू होते. बाहेर पडताना तेच सियालिक आम्ल त्यांना धरून ठेवते. ते कापण्याचे काम न्यूरामिनिडेजचे. ओसेल्टामिविर हे औषध ही कात्रीच निकामी करते.

आता आजोबांचा प्रश्न. लशीमुळे शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे मुख्यतः हिमॅग्लुटिनिनच्या माथ्याला चिकटतात व त्याला पकड घेऊ देत नाहीत. परंतु स्वतःच्या नकला होताना विषाणूत चुका राहतात, माथा थोडाथोडा बदलतो आणि जुनी प्रतिपिंडे नीट बसत नाहीत. शिवाय ती कालांतराने घटतातही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना वर्षातून २ वेळा लशीतील वाणांचा फेरविचार करते.

मी आजोबांना विचारले, “दुकानात पाडव्याला दरसाल नवी वही घालत होता ना? तसंच हे.”

“म्हणजे लस घेतली की फ्ल्यू होणारच नाही, असं लिहून देतेस?”

“नाही आजोबा. झालाच, तर जिवावर बेतण्याचा धोका कमी, एवढंच.”

“मग तसं सरळ सांग की,” म्हणत त्यांनी चपला पायात घातल्या.