तीनशेच्या पलीकडची ऋतुजा

३० सप्टेंबर २०२३. चीनमधलं हांगझोऊ, एशियन गेम्स, टेनिसच्या मिश्र दुहेरीची फायनल. समोर चायनीज तैपेईची, म्हणजे तैवानची जोडी : त्सुंग-हाओ हुआंग आणि एन-शुओ लिआंग. आपल्याकडून ४३ वर्षांचा रोहन बोपण्णा आणि श्रीरामपूरची ऋतुजा भोसले. पहिला सेट २-६ असा गेला.

दुहेरीत समोरची जोडी काय करते, हे गल्लीत बॅडमिंटन खेळलेल्या कुणालाही माहीत असतं. दोघांतला जो कमी वाटतो त्याच्याकडेच मारत राहायचं. बोपण्णा तेव्हा दुहेरीत जगातल्या पहिल्या दहांमध्ये होता. ऋतुजाचा एकेरीचा क्रमांक तीनशेच्या पलीकडे होता. फटके कुणाच्या दिशेनं येत असतील ते सांगायला नको. तरी दुसरा सेट ६-३ असा काढला आणि दहा पॉइंटचा निर्णायक टायब्रेक १०-४. सुवर्णपदक.

पाच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, त्याच गेम्समध्ये आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारनं अभिषेक वर्मा आणि ओजस देवतळेसोबत कंपाउंड तिरंदाजीचं सांघिक सुवर्ण जिंकलं. फायनलमध्ये दक्षिण कोरियाला २३५-२३० असं हरवून. जिल्ह्यात चर्चा प्रथमेशची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. त्याच वर्षी मे महिन्यात शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये त्यानं जगातल्या एक नंबरच्या माइक श्लोसरला एका गुणानं हरवलं होतं. त्या धामधुमीत ऋतुजाचं पदक आपल्याकडे जरा बाजूलाच राहिलं. आज तिच्याबद्दल लिहायचंय, आणि मुख्य म्हणजे त्या तीनशे नंबराबद्दल.

तीनशे म्हणजे किती?

आपल्याला सवय आहे पहिल्या दहाची. टीव्हीवर दिसतात ते तेच. त्यामुळे ‘जगात तीनशेवी’ म्हटलं की कुणी तरी हमखास विचारतं, ‘म्हणजे काही विशेष नाही ना?’ जरा विचार करा. जगभरात टेनिस खेळणाऱ्या सगळ्या बायकांमधली तीनशेवी. तुमच्या युनिव्हर्सिटीत तुम्ही तीनशेवे आलात तर घरी पेढे वाटतील. इथे तर अख्खं जग आहे.

पण पोटापाण्याचा हिशेब वेगळा आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. टेनिसमध्ये पगार नसतो. क्रिकेटसारखा बोर्डाचा करार नसतो, कबड्डीसारखा लिलाव नसतो. खेळाल, जिंकाल, तर पैसे. विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा, कोच, फिजिओ, सगळं आपलं आपण.

महिलांच्या व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी म्हणजे ‘डब्ल्यू १५’ स्पर्धा. पूर्ण स्पर्धेची बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर, आणि ती सगळ्या खेळाडूंत वाटली जाते. जिंकणारीच्या हातात अडीच हजार डॉलरच्याही आत पडतात, म्हणजे साधारण दोन लाख रुपये. पहिल्या फेरीत हरणारीला दीडशे डॉलरच्या आसपास. बारा-तेरा हजार रुपये समजा. तेवढ्यात परदेशातल्या आठवड्याचा हॉटेलचा खर्चसुद्धा निघत नाही. विमान तर सोडाच.

आता वरची पायरी बघा. २०२४ च्या विम्बल्डनमध्ये मुख्य स्पर्धेत पहिलाच सामना हरलेल्या खेळाडूलाही ६० हजार पौंड मिळाले. पात्रता फेरीचा पहिला सामना हरलेल्यांना १५ हजार पौंड, म्हणजे पंधरा-सोळा लाख रुपये. हरून! पण त्या पात्रता फेरीत शिरायला साधारण पहिल्या सव्वादोनशे-अडीचशेत असावं लागतं. तीनशेवी खेळाडू दाराबाहेर. दोनशेवी आणि तीनशेवी यांच्या खेळात जेवढा फरक असतो त्याच्या कितीतरी पट फरक त्यांच्या बँकेच्या पासबुकात असतो.

शिवाय क्रमवारीतले गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. मागच्या वर्षी या आठवड्यात स्पर्धा जिंकली असेल तर यंदा ते गुण पुन्हा कमवायचे, नाहीतर नंबर घसरला. घोटा मुरगळला, दोन महिने घरी बसलात, तरी गळती चालूच. आपल्याकडे एकदा मार्कशीट हातात आली की ती कायमची. इथे दरवर्षी तोच पेपर पुन्हा द्यायचा.

श्रीरामपूर ते टेक्सास

ऋतुजाचा जन्म १९९६ चा. वडील पोलीस खात्यात. २०१२ मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षी, ती फेड कपमध्ये भारताकडून खेळली. महिलांच्या टेनिसची ही देशांमधली सांघिक स्पर्धा. आता तिचं नाव बिली जीन किंग कप आहे.

सोळाव्या वर्षी देशाकडून खेळलेल्या मुलीपुढे दोन वाटा असतात. एक, शाळा-कॉलेज गुंडाळून फक्त टेनिस. दोन, टेनिस हळूहळू सोडून देणं आणि ‘आधी डिग्री घे, मग बघू’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य. ऋतुजानं तिसरी वाट धरली. ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकायला गेली आणि विद्यापीठाच्या संघाकडून टेनिस खेळली. २०१७ पर्यंत ती तिथे होती. त्यानंतर पूर्णवेळ व्यावसायिक खेळाकडे वळली.

हे प्रकरण आपल्या कॉलेजच्या पोरापोरींनी नीट समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत विद्यापीठांमधला खेळ हा वार्षिक स्नेहसंमेलनाच्या आधीचे चार दिवस उरकायचा प्रकार नाही. एनसीएए नावाची संघटना तो चालवते. संघाला पूर्णवेळ कोच, जिम, फिजिओ, प्रवास असं सगळं विद्यापीठ देतं. वरच्या गटातल्या मुलींच्या टेनिस संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येतील, असा नियम तिथे अनेक वर्षं होता. आठवडाभर लेक्चर, प्रॅक्टिस, आणि वीकएंडला दुसऱ्या विद्यापीठाशी सामना. हरलात तरी सोमवारी वर्गात जायचंय, आणि हॉटेलचं बिल तुमच्या नावावर नाही.

तोटा काय? तीन-चार वर्षं जागतिक क्रमवारीत फारसे गुण जमत नाहीत. अठरा ते बावीस या वयात दुसऱ्या मुली जगभर फिरून नंबर वाढवत असतात. ‘ती वर्षं वाया गेली,’ असं म्हणणारे कोच आजही भेटतात. मला ते पटत नाही. डॅनियल कॉलिन्स अशीच व्हर्जिनिया विद्यापीठातून आली, दोनदा एनसीएए विजेती झाली आणि पुढे २०२२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल खेळली. सगळ्यांचं असं होत नाही हे खरं. पण टेनिसमध्ये गुडघा गेला तर हातात काहीतरी असतं, ही गोष्ट पोलीस खात्यातल्या किंवा शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीसाठी लहान नाही.

२०२० च्या मार्चमध्ये दुबईत भारताचा महिला संघ पहिल्यांदाच फेड कपच्या वर्ल्ड ग्रुप प्लेऑफपर्यंत पोहोचला. सानिया मिर्झा, अंकिता रैना यांच्याबरोबर ऋतुजा त्या संघात होती आणि एकेरीच्या लढती खेळली. काही दिवसांतच लॉकडाऊन लागला, त्यामुळे ती बातमी कुणाच्या लक्षातही नाही.

जाता जाता : तिचा नवरा स्वप्नील गुगळे. क्रिकेटवाल्यांनो, नाव आठवतंय का? २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध रणजी सामन्यात नाबाद ३५१ करणारा, अंकित बावणेबरोबर ५९४ धावांची अभंग भागीदारी रचणारा तो हाच.

बार्शीची प्रार्थना

दुहेरीचा विषय निघालाय तर प्रार्थना ठोंबरेला टाळून पुढे जाता येणार नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची ही मुलगी. बार्शी म्हणजे आपल्या खामगावसारखंच बाजारपेठेचं गाव. टेनिसशी त्या नावाचा संबंध कुणी लावला नसता.

२०१४ च्या इंचॉन एशियन गेम्समध्ये प्रार्थनानं सानिया मिर्झाबरोबर महिला दुहेरीचं ब्राँझ मिळवलं. वय वीस. दोन वर्षांनी रिओ ऑलिंपिक. सानिया तेव्हा दुहेरीत जगात एक नंबर होती. पहिल्या दहातल्या खेळाडूला ऑलिंपिक दुहेरीत थेट प्रवेश मिळतो आणि जोडीदार सोबत नेता येतो. ती जोडीदार म्हणजे प्रार्थना. साहजिकच ‘सानियामुळे गेली’ असंही बोललं गेलं.

पहिल्याच फेरीत समोर चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई. पेंग ही दुहेरीतली माजी नंबर एक. निकाल : ६-७, ७-५, ५-७. पेपरात एका ओळीत आलं, ‘सानिया-प्रार्थना पहिल्या फेरीत गारद’. स्कोअर पुन्हा वाचा. पहिला सेट टायब्रेकवर गेला, दुसरा ओढून आणला, तिसरा अगदी शेवटी निसटला. याला गारद म्हणतात?

प्रार्थनानं पुढे एकेरीचा नाद न धरता दुहेरीवरच करिअर उभं केलं. दुहेरीत बक्षिसं कमी, टीव्ही जवळपास नाही, आणि दर काही आठवड्यांनी नवी जोडीदार शोधायची. ‘पुढच्या आठवड्यात कुणाबरोबर खेळतेस?’ असे मेसेज करत फिरायचं. पण रिफ्लेक्स, नेटजवळचा हात आणि डोकं शाबूत असेल तर दुहेरीत वय आडवं येत नाही. बोपण्णानंच दाखवलं : हांगझोऊनंतर चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्यानं ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली आणि दुहेरीत जगात एक नंबरचा सगळ्यात वयस्कर खेळाडू ठरला. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला बिली जीन किंग कपची आशिया-ओशेनिया फेरी झाली आणि भारत तिथून प्लेऑफला पात्र ठरला. त्या संघातही प्रार्थना होती. इंचॉननंतर अकरा वर्षांनी.

जर्मनीत काय वेगळं आहे?

तात्याना मारिया हे नाव ऐकलंय? जर्मनीची खेळाडू. २०२१ मध्ये दुसरी मुलगी झाली, आणि २०२२ मध्ये ३४ व्या वर्षी ती विम्बल्डनच्या सेमीफायनलमध्ये होती. क्रमांक होता १०३. २०२५ मध्ये ३७ व्या वर्षी तिनं लंडनच्या क्वीन्स क्लबची स्पर्धा जिंकली, तीही पात्रता फेरीतून येऊन. तिच्या जिद्दीबद्दल लिहावं तेवढं थोडं. पण जर्मन खेळाडूच्या मागे आणखी एक गोष्ट असते. तिथे गावोगावी टेनिस क्लब आहेत आणि उन्हाळ्यात क्लबांची लीग चालते. शंभर-दोनशे-तीनशे क्रमांकाच्या खेळाडूंना क्लब सामन्याचे पैसे देतात. नंबर खाली गेला म्हणून चूल बंद पडत नाही. वर्षभर जवळच्या देशांत रेल्वेनं जाऊन स्पर्धा खेळता येतात. आपल्याकडच्या मुलीला मलकापूरला गाडी पकडून मुंबई, तिथून विमान, असा प्रवास सामन्याच्या आधीच करावा लागतो.

आपल्याकडे गुणवत्ता कमी आहे असं मला अजिबात वाटत नाही. पहिल्या शंभरात नसलेल्या खेळाडूला जगवणारी व्यवस्था कमी आहे. हांगझोऊत एकेरीत ऋतुजा फिलिपिन्सच्या अलेक्झांड्रा इआलाकडून हरली. तीच इआला दीड वर्षात मायामीच्या मोठ्या स्पर्धेत सेमीफायनलला पोहोचली. इआला लहानपणीच स्पेनमधल्या राफा नदालच्या अकादमीत गेलेली. श्रीरामपूर, बार्शी किंवा चिखलीहून तिथे जाणं फार थोड्यांना परवडेल.

त्यामुळे मला सगळ्यात रस आहे तो पुण्याच्या वैष्णवी आडकरमध्ये. जुलै २०२५ मध्ये, योगायोग म्हणजे जर्मनीतच, जागतिक विद्यापीठ स्पर्धा झाली. वैष्णवीनं महिला एकेरीत ब्राँझ जिंकलं. या स्पर्धेत टेनिसचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय मुलगी. तिच्या आधी भारतातून हे पदक एकट्या नंदन बाळ यांना मिळालं होतं, १९७९ मध्ये. तेही पुण्याचेच. सेमीफायनलमध्ये पहिला सेट ६-२ असा जिंकून ती पुढचे दोन ४-६, ४-६ असे हरली, नाहीतर फायनलही गाठली असती. या स्पर्धेत आंतरराष्ट्रीय क्रमवारी बघून बोलावत नाहीत. आपल्या देशाच्या विद्यापीठ संघात निवड व्हावी लागते, वय १८ ते २५ च्या आत असावं लागतं, आणि कुठल्या तरी कॉलेजात नाव असावं लागतं किंवा आदल्या वर्षीच पदवी मिळालेली असावी लागते.